पाच नावांची डुबकी

मुळं फुटायच्या औषधात काडी बुडवली की पाच मोजायचे आणि काडी वर काढायची. कमी वेळ ठेवली तर मुळं फुटत नाहीत, जास्त ठेवली तर बूड काळं पडतं. आमचे डुबकीमामा हे पाच कधी आकड्यांत मोजायचे नाहीत. ते पाच नावं घ्यायचे. सावकाश, एका सुरात, दारात उभं राहून घरातल्या माणसांना जेवायला हाक मारावी तशी. पाचवं नाव संपलं की काडी वर यायची.

ती नावं मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिली होती.

मामा लातुरात आमच्या होस्टेलचे वॉचमन होते. क्लासेसच्या गल्लीतलं तीन मजली होस्टेल, शंभरावर पोरी, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. मीही. झाले नाही, ते असो. गेटवर निळी प्लॅस्टिकची खुर्ची, येण्याजाण्याची वही, पाण्याची मोटर, गॅसच्या टाक्या हे मामांचं नोकरीचं काम. त्यांचं स्वतःचं काम मेसच्या भटारखान्यावरच्या गच्चीत चालायचं. खाली दिवसभर भट्टी पेटलेली, त्यामुळे तिथला स्लॅब थंडीतही कोमट असायचा. त्या स्लॅबवर द्राक्षांच्या थर्माकोलच्या पेट्या, पेट्यांत धुतलेली वाळू, वरून ओलं बारदान आणि प्लॅस्टिकचा कागद. वाळूत रांगेने टोचलेल्या वीतभर काड्या. खालची पानं काढलेली, वरची दोन-चार ठेवलेली. पानं वरून हिरवी आणि खालून चांदीचा मुलामा दिल्यासारखी. माझी खोलीतली मैत्रीण उज्ज्वला हदगावची. पहिल्याच थंडीत तिने विचारलं, "मामा, काय करून राहिले हो? काड्यांना आंघोळ घालून राहिले का?"

"आंघूळ न्हाई, डुबकी हाय ही," मामा मान वर न करता म्हणाले. "आंघूळ तुम्ही करा, मोटर चालू हाय तवर."

त्या दिवसापासून ते डुबकीमामा.

काड्या जैतुनाच्या होत्या. ज्याला आता सगळे ऑलिव्ह म्हणतात, ज्याचं तेल आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत एका छोट्या डब्यात असतं, ते झाड. मामा तरुणपणी सरकारी रोपवाटिकेत कलमाच्या कामावर होते. गुलाब, मोगरा, अंजीर, डाळिंब, हजारोंनी काड्या त्यांच्या हातून गेल्या होत्या. "डाळिंब गरीब हाय," ते म्हणायचे, "कुठंबी खुपसलं की लागतंय. जैतून लई मानी. हिला औषध पायजे, बुडाला ऊब पायजे, अंगावर धुकं पायजे, आन् एवढं करून धातली दोन लागत्यात." उज्ज्वलाने विचारलं, इतकं करून फळ तरी येतं का? "न्हाई. हिकडं थंडी पुरत न्हाई तिला." मग कशाला लावता? मामांनी वाळूत बोट घालून ओल बघितली. "फळासाठी कोन लावूलालंय?"

औषध म्हणजे पांढरी पावडर. ती इतकी थोडी लागते की किराणा दुकानाच्या काट्याला तिचं वजन कळतच नाही. म्हणून मामा वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, गंजगोलाईच्या बाजारातल्या एका सराफाकडे जायचे. सराफ गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम विचारायचा, "बोला मामा, यंदा किती तोळ्याचं करायचं?" मामा पुडी काट्यावर ठेवून म्हणायचे, "तुमच्या सोन्याला मुळ्या फुटत्यात का, शेठ? ह्याला फुटत्यात." दोघांचं हे दरवर्षीचं ठरलेलं होतं. परत आले की पावडर आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग त्यात पाणी. थेट पाण्यात टाकली तर ती नुसती तरंगते. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत हे सगळं भरून ठेवलेलं. बाटलीवर तांबड्या शाईत 'पिऊ नये' आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी एक फुली.

काड्या गुंडाळायला ते आमचे जुने टेस्टपेपर न्यायचे. त्यातही निवड होती. "फिजिक्सचा कागद जाड. पानी धरतंय. बायोलॉजीचा लगीच फाटतंय." माझ्या बत्तीस गुण पडलेल्या पेपरात मामांनी सहा काड्या ओल्या करून ठेवल्या होत्या. त्या पेपराचा त्याहून चांगला उपयोग झाला नसता.

लातूर कसं आहे ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. चौकाचौकात पोरांचे चेहरे टांगलेले असतात, खाली गुण. दर रविवारी परीक्षा, दर सोमवारी भिंतीवर यादी, यादीत आपण कुठे आहोत ते बघायला झुंबड. मला त्या याद्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. मी किनवटची. आई तिथल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका. वसतिगृहातल्या पोरांना भातात किडे मिळाले, की आमच्या स्वयंपाकघरात पत्रक लिहिलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात वाटलं जायचं. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या शिल्लक गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. अन्याय दिसला की लिहायचं, लिहिलं की वाटायचं, एवढं मला पक्कं येत होतं. काय लिहायचं नसतं हे कोणी शिकवलं नव्हतं.

मामांचा एक नियम होता: काडी उपटून बघायची नाही. महिना झाला, दीड महिना झाला, वरची पानं तशीच, खाली काय चाललंय कळत नाही. उज्ज्वलाला राहवलं नाही. एकदा तिने हळूच एक काडी ओढली. मामांनी बघितलं. ओरडले नाहीत. काडी हातात घेतली आणि बूड तिच्या डोळ्यांपुढे धरलं. तिथे साबुदाण्याएवढी पांढरी गाठ आली होती.

"हे बघ. आदी गाठ येतीय, मंग मूळ सुटतंय. अजून पंधरा दिवस थांबली असतीस तर." उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते मवाळ झाले. "ए माय, रडू नको. पन हिची काय तुमच्यावानी दर आयतवारी परीक्षा हाय का? उगं उपटून बघायचं नसतंय." आणि ती काडी त्यांनी परत बाटलीत बुडवली. पाच नावं. परत वाळूत.

मी तेव्हा सगळ्यातून अर्थ काढायच्या वयात होते. म्हणाले, "मामा, आम्हीपण काड्याच. आईपासून तोडून इथल्या वाळूत आणून खुपसलेल्या." मला वाटलं, मामांना हे आवडेल. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काडीला आई आठवत न्हाई," ते म्हणाले. "तुला आठवती. काल फोनवर रडूलालतीस. उगं काहीबी कशालाबी जोडू नको."

नावं कुणाची ते आम्ही बरेच दिवस विचारलं नाही. उज्ज्वलाचं म्हणणं, कुलदेवता असतील. मी म्हटलं, रोपवाटिकेतले जुने सोबती. शेवटी एकदा तिनेच विचारलं, सरळ एक-दोन-तीन का नाही म्हणत? "एक-दोन म्हनलं की मन धावतंय," मामा म्हणाले. "दोनच्या आदीच तीन येतंय. मानसाचं नाव घेतलं की थांबावं लागतंय."

कळलं ते पुढच्या डिसेंबरात. मामा दर डिसेंबरात काड्या आणायला गावी जायचे. त्या वर्षी रविवारची परीक्षा पुढे गेली होती, तर आम्ही दोघी वॉर्डनबाईंची परवानगी काढून त्यांच्यासोबत गेलो. औसा तालुक्यातलं गाव. खरं तर दोन गावं. एक नवं, सिमेंटच्या एकसारख्या घरांचं, सरळ रस्त्यांचं. दुसरं तिथून दीड-दोन किलोमीटरवर, जुनं. भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्याकडे तो मोठ्या माणसांच्या बोलण्यात तारखेसारखा यायचा: भूकंपाच्या आधी, भूकंपानंतर.

नव्या गावात शाळेच्या कुंपणाशी जैतुनाचं मोठं झाड होतं. ते मदतीला आलेल्या एका परदेशी बाईने लावलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत होते तेव्हा ती यायची. भाषा नाही, औषधं नाहीत, तिचं काम नुसतं माणसांजवळ बसायचं. मामा चार महिने कुणाशी बोलले नव्हते. जाताना तिने दिल्लीहून एक रोप मागवलं आणि त्यांच्या हातात झारी दिली. बोटांनी दाखवलं, हे झाड शंभर, दोनशे, पाचशे वर्षं जगतं. दगडात पण. "तिनं दगडावर हात आपटून दाखवलं," मामा सांगत होते. "म्हनलं, दगड तर लई हाय आमच्याकडं."

झाडाच्या काड्या त्यांनी सकाळच्या उन्हाआधी कापल्या, धारदार चाकूने, पानाजवळच्या डोळ्याच्या खाली तिरपा काप. ओल्या कागदात गुंडाळल्या. मग म्हणाले, चला, तिकडं जाऊन येऊ.

जुन्या गावात आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. मामा ढिगांमधून असे चालले की जणू गल्ल्या अजून होत्या. एका ठिकाणी थांबले. उंबऱ्याचा एक दगड जागेवर होता. "हितं चूल. हितं माय निजायची. हितं बाज." त्या जागेत तीन जैतुनाची झाडं उभी होती. एक खांद्याएवढं, दोन कमरेएवढी. भोवती काट्यांचं कुंपण, बुडाशी फुटकं मडकं पुरलेलं, पाणी झिरपायला. आणखी दोन खड्डे खणलेले, रिकामे.

"पाच लागली की झालं," मामा म्हणाले. "दोन ऱ्हायलीत. लावतो आन् मरतात. कधी ऊन, कधी शेरडं. पाच जगली की मंग मी मोकळा."

नव्या गावात मामांच्या शेजारी राहणाऱ्या सुभद्राकाकूंनी आम्हाला भाकरी वाढली. मामा बाहेर बादली घ्यायला गेले तेव्हा मी काकूंना ती पाच नावं सांगून विचारलं, ही कोण? काकूंनी कालवणाची पळी खाली ठेवली. आई, बायको, धाकटा भाऊ, मुलगी, मुलगा. पाच जण एका घरात. मामा त्या रात्री रोपवाटिकेतच मुक्कामाला होते, साठ किलोमीटरवर. "तुला कुनी सांगितली नावं?" काकूंनी विचारलं. "त्यानं? तो तर नाव काढत न्हाई. पोरीचं तर लाडाचं नाव हाय ते. गावात निम्म्यांना ठाऊक न्हाई."

पुढचा उन्हाळा तो, ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने आलं. होस्टेलमध्ये पोरीमागे दिवसाला एक बादली. मामांची बादली काड्यांना जायची. ते स्वतः अंग पुसून भागवायचे. हे कळल्यावर उज्ज्वलाने ठरवलं, ज्या पोरीला पाहिजे तिने एक मग वर नेऊन द्यायचा. सकाळी जिन्यावर मगांची रांग लागायची. त्या वर्षीच्या काड्यांपैकी सात लागल्या होत्या. सात! मामांनी त्या काळ्या पिशव्यांत लावल्या आणि मोजून मोजून पाणी घालत होते. पाऊस पडला की जुन्या गावात न्यायच्या.

मग एक दिवस होस्टेलचे मालक गच्चीवर आले. टँकरवाल्याशी भांडून आले होते. "इथं माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही काड्यांना पाजायलात? संध्याकाळपर्यंत हे सगळं खाली. नाहीतर मी फेकतो." मामा म्हणाले, "बरं मालक." पेट्या एकावर एक ठेवायला लागले.

मी खोलीत जाऊन लिहायला बसले. आयुष्यात त्याहून चांगलं पत्रक मी लिहिलेलं नाही, आणि हे अभिमानाने सांगत नाही. मथळा होता: 'ज्याचं घर दगडाखाली गेलं त्याच्या झाडांना एक मग पाणी नाही?' त्यात होस्टेलचं पाणी होतं, मालकाच्या बंगल्यातली हिरवळ होती, क्लासेसची करोडोंची उलाढाल होती. आणि मधोमध, ठळक अक्षरांत, एकाखाली एक, पाच नावं. जशी मामा घ्यायचे तशीच, त्याच क्रमाने. मुलीचं लाडाचं नाव चौथ्या ओळीवर. खाली माझं नाव. मामांचं खरं नाव मी लिहिलं नव्हतं, कारण मला ते ठाऊक नव्हतं. हे मला नंतर दिसलं. पाचशे प्रती काढल्या. दुपारच्या बॅचेस सुटताना प्रत्येक क्लासच्या गेटवर मी आणि उज्ज्वला उभ्या होतो.

पत्रक जिंकलं. संध्याकाळी मालकांना फोनवर फोन. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाण्याचा कॅन घेऊन गच्चीवर आले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. पेट्या राहिल्या, सातही रोपं राहिली. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "शाब्बास!"

मामांनी ते पत्रक वाचलं का, मी विचारलं नाही. त्यांना ते आवडलंच असेल याची मला खात्री होती.

आठ दिवसांनी गल्लीतल्या एका मोठ्या क्लासने निरोप समारंभात मामांचा सत्कार ठेवला. मंडपात हजारभर पोरं. मामांना स्टेजवर खुर्ची, शाल, नारळ. निवेदकाच्या हातात माझं पत्रक. तो म्हणाला, "सगळ्यांनी उभं राहायचं आहे," आणि माइकवरून नावं वाचायला लागला. आवाज चढवून, प्रत्येक नावानंतर थांबून, जसं बक्षीस घ्यायला बोलावतात. चौथं नाव आलं. लाडाचं, बोबडं, घरातल्या घरातलं नाव. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. हसणारी पोरं वाईट नव्हती. त्या नावाला मंडपात हसूच येणार. मामांनी मान वर केली नाही. शालीची घडी करत बसले होते, छोटी, आणखी छोटी.

पहिल्या पावसापर्यंत सातांपैकी दोनच रोपं तगली होती; ती मामांनी जुन्या गावात नेऊन लावली. पाच झाली. आल्यावर त्यांनी आम्हाला पेढे दिले. मला वाटलं, संपलं. सगळं बरोबर झालं.

दिवाळीत शेरडं कुंपणात शिरली आणि पाचवं रोप बुडापासून खाल्लं.

मी परीक्षेत नापास होऊन आणखी एक वर्ष लातुरातच होते. डिसेंबरात मामा काड्या घेऊन आले. मी गच्चीवर गेले. तीच तपकिरी बाटली, तेच बशीत ओतलेलं घोटभर औषध. मामांनी पाच काड्यांची जुडी धरली आणि बुडवली.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

आणि वर काढली.

मला आधी वाटलं, मला चुकीचं ऐकू आलं. दुसरी जुडी. "एक, दोन, तीन, चार, पाच." भराभर. दोनच्या आधीच तीन.

"मामा," मी म्हटलं, "नावं?"

ते जुडी वाळूत टोचत राहिले. एकेका काडीला शेजारची वाळू बोटांनी दाबत. सगळ्या टोचून झाल्यावर बोलले, बारदानाकडे बघत.

"भूकंपानंतर लई दिवस ही नावं मी यादीतच ऐकली. तलाठ्याची यादी. जीपवरचा भोंगा. नाव, वय, मयत. नाव ऐकलं की मला मानूस दिसायचं न्हाई, कागद दिसायचा. माय म्हनलं की कागद. पोरगी म्हनलं की कागद. काड्या बुडवता बुडवता एक-एक करून मी ती यादीतून काढून आनलीवती. लई वर्सं लागली. शेवटाला पोरगी आली. हाक मारली की दिसायची." त्यांनी बारदान पेटीवर ओढून घेतलं. "आता परत भोंगा ऐकू येतंय."

मी काहीतरी म्हणाले. माफी होती की खुलासा, आठवत नाही. बहुतेक खुलासाच. मामांनी माझ्या डोक्यावर वाळूचा हात ठेवला. "तुजं चुकलं असं मी म्हनत न्हाई, माय. झाडं तर वाचली की. तू लिवलं नसतंस तर चौथंबी नसतं." आणि मग, उठताना: "जा. पेपर हाय ना तुजा."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं. मामा माझ्याशी आधीसारखेच वागत राहिले. वहीत सही घेताना थट्टा, मोटर बंद करायच्या आधी हाक, सगळं तसंच. फक्त गच्चीवर आकडे. त्या वर्षी एकही काडी लागली नाही. गाठ आली, मूळ सुटलं नाही. पाणी खारं होतं, थंडी कमी पडली, कारणं पुष्कळ असतील. आकडे नावांपेक्षा लवकर संपतात, हेही एक.

मे महिन्यात मी लातूर सोडलं. मामा स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आले. नांदेडची गाडी लागली होती. "आता काय करनार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहिणार. ते हसले. "लिव. पन बघून लिव." गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. मी त्यांचं नाव विचारणार होते. इतक्या वर्षांनी विचारायची लाज वाटली.

त्यानंतर तीन वर्षांनी उज्ज्वलाचा फोन आला, मामा गेले. मधल्या काळात ते होस्टेल सोडून नव्या गावात परतले होते. मी पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. सुभद्राकाकूंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. पत्र्याची पेटी, एक चाकू, तपकिरी बाटली. पेटीत शाल होती, सत्काराची, घडी करून करून रुमालाएवढी केलेली. माझं पत्रक कुठेच नव्हतं. मी सगळीकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी रोज तिकडं जायचा. चार झाडांला पानी घालायचा, आन् पाचव्या खड्ड्यापाशी बसायचा. काड्या लावायचा. लागल्या न्हाईत." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी म्हनलं, पयल्यासारखी नावं घेऊन लाव की रे. तर म्हनला, येत न्हाईत आता."

जुन्या गावात चार झाडं उभी आहेत. पहिलं आता माझ्या डोक्यावर गेलंय. पाचवा खड्डा रिकामा आहे. मडकं तसंच पुरलेलं. खड्ड्याच्या कडेला एक जागा बसून बसून गुळगुळीत झालेली.

पेटीच्या झाकणावर आतून खडूने मामांचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. ते आता मला ठाऊक आहे. तेही लिहीत नाही.

दर डिसेंबरात मी नांदेडहून जाते, शाळेच्या कुंपणाशी काड्या कापते आणि घेऊन येते. पावडर इथल्या एका सराफाकडे तोलून घेते. तो काही विनोद करत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅसच्या बाजूला, थर्माकोलची पेटी आहे. आकडे म्हणावेत तर ते लवकर संपतात. किती वेळ धरायचं ते कळायला मला ती पाच नावं मनात घ्यावी लागतील, आणि ती मला पाठ आहेत, क्रमानेसुद्धा. मी घेत नाही. तोंड मिटून काडी बुडवते आणि अंदाजाने वर काढते. माझा अंदाज चुकतो. बहुतेक काड्यांचं बूड काळं पडतं.

यंदाच्या आठांपैकी सात काळ्या पडल्या. एक अजून हिरवी आहे. खाली काय चाललंय मला माहीत नाही. मी उपटून बघितलेलं नाही.